दातांची फेरमोजणी

माझ्या पोरीचे दात पुरेसे वाकडे नाहीत, असं लातूरच्या डॉक्टरांनी ठरवलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता गेली.

तुम्ही बरोबरच वाचलं. पोरीचे दात वाकडे आहेत म्हणून रडणारे बाप पुष्कळ असतील. वाकडे आहेत खरे, पण वाकडेपणात कमी पडले म्हणून भांडायला निघालेला बाप अख्ख्या अहमदपुरात मी एकटाच. आणि ते मला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं, कारण मी ही गोष्ट सांगितली की समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवायचा.

झालं असं, की सुकन्याच्या शाळेत लातूरहून दातांच्या कॉलेजचं पथक आलं. पूर्वी शाळेत डॉक्टर यायचा तो जीभ बघायचा, जंताच्या गोळ्या द्यायचा आणि हेडमास्तरांच्या खोलीत चहा पिऊन निघून जायचा. आता मोजतात. पांढऱ्या कोटातल्या पोरापोरींनी आठवी-नववीच्या एकेका लेकराला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, आत बारकी स्टीलची पट्टी घातली आणि मिलिमीटर सांगितले. मिलिमीटरवरून श्रेणी. पहिली श्रेणी म्हणजे दात सरळ, घरी जा, ब्रश करा. पाचवी म्हणजे ताबडतोब इलाज. चौथी आणि पाचवीच्या लेकरांना कॉलेज फुकट तारा लावणार होतं. मधे राहिली तिसरी. तिसरी श्रेणी म्हणजे पंगतीत बसलेला पण पत्रावळ न मिळालेला माणूस.

आमची सुकन्या तिसरीत निघाली.

वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किती पुढे आलेत, ते बघतात. सहा मिलिमीटरच्या पुढं गेलं की चौथी श्रेणी. सुकन्याचे भरले सहा. सहाच्या पुढं नाही, सहाच्या आतही नाही. बरोब्बर हद्दीच्या दगडावर.

दुसरा एखादा बाप असता तर गप्प बसला असता. पण मी दयानंद हालकुडे, भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक. साध्या भाषेत, सरकारी शेतं मोजणारा माणूस. या तालुक्यात सख्खे भाऊ वीतभर बांधासाठी एकमेकांची डोकी फोडतात, तेव्हा दोन डोक्यांच्या मधे मी उभा असतो. हद्द म्हणजे काय, हे मिसरूड न फुटलेल्या कोटवाल्या पोरांनी मला शिकवायचं? शिवाय आमच्या खात्याची एक रीत आहे. मोजणी मान्य नसली तर माणूस रडत बसत नाही, वर अर्ज करतो. मग वरचा साहेब येऊन पुन्हा मोजतो. त्याला निमताना मोजणी म्हणतात. लोक जावयाच्या बारशाला चुकतील पण निमताना मोजणीला चुकत नाहीत. जावयाचं बारसं नसतं हे मला माहीत आहे, पण मी सध्या चिडलेला आहे.

सुकन्यानं त्या संध्याकाळी फक्त एवढंच विचारलं, की चौथीवाल्या पोरींना दिवाळीनंतर तारा लागणार, मग मला कधी. मी बापाच्या आवाजात म्हणालो, दहावी झाल्यावर बघू.

"दहावी झाल्यावर मी लातूरला क्लासला जाणार," ती म्हणाली. "मग बारावी. मग नीट. मग रिपीट. तव्हा काय लग्नाच्या आदल्या दिवशी लावायच्या का तारा? ती डॉक्टर मॅडम म्हणली, या वयात जबडा वाढून राहिलाय, आत्ता लवकर होतं. मला आत्ता पायजेत."

पोरगी हट्टी नाही. गेल्या वर्षीपर्यंत शाळेच्या परिपाठात बातम्या तीच वाचायची. मोठ्यानं, ठसक्यात, प्रधानमंत्र्यांपासून सोयाबीनच्या भावापर्यंत. मग एकदम सोडलं. विचारलं तर म्हणाली, वाचताना ओठ मिटत नाहीत आणि पुढच्या रांगेतल्या पोरी मुद्दाम ओठ वर करून ऐकतात. तेव्हा तारा म्हणजे तिच्यासाठी काय आहे, हे मला ठाऊक होतं. फुकट बसल्या तर या वर्षी, नाहीतर दहावीनंतरच्या त्या अंधारात. घराचा हप्ता, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं मी इथं मांडत नाही, कारण वाचणाऱ्याच्या घरातही तेच चालू असणार.

तर मी म्हणालो, घाबरू नको, आपण फेरमोजणी मागू. तेवढं बोललो आणि फसलो.

पहिली फेरमोजणी मी घरीच केली. रविवारी सकाळी सुकन्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. मंजुश्रीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, मोबाईलची बॅटरी धरली. पंच म्हणून शेजारचे श्रीमंत सर आले. हे निवृत्त चित्रकला शिक्षक. आमच्या कॉलनीत एखाद्याच्या घरी मिक्सर बिघडला तरी सर चष्मा लावून हजर असतात आणि मिक्सर कायमचा जातो. मी ऑफिसातली नकाशाची पट्टी डेटॉलनं धुऊन घेतली. पहिल्यांदा आलं साडेपाच. मंजुश्री म्हणाली, तुमचा हात हलला. दुसऱ्यांदा आलं सात. सर म्हणाले, वा. तिसऱ्यांदा पट्टी आत असतानाच सुकन्यानं आवंढा गिळला आणि चार आलं.

आता मी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी उभ्या पावसाळ्यात गुडघाभर चिखलात शेतं मोजलीत. सॅटेलाइटवर चालणारं रोव्हर मशिन आलं त्याच्याआधी साखळी ओढून मोजलीत. पण शेत कधी आवंढा गिळत नाही. शेताला लाळ सुटत नाही. शेत मधेच "पप्पा, मळमळून राहिलंय" म्हणत नाही.

तोवर पार्वतम्मा आल्या. या समोरच्या घरातल्या, माहेर उदगीरचं, बोलण्यात निम्मं कानडी. त्यांनी पोरीच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं फिरवलं आणि हल्लु, हल्लु, म्हणजे दात, दात, असं म्हणत ते मोजल्यासारखे बघितले. मग निकाल दिला, की हे दात हालकुड्यांकडचे, आईकडचे नव्हेत. मंजुश्रीनं बॅटरी तशीच चालू ठेवून माझ्या तोंडावर मारली. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी तोंड मिटून घेतलं. मग सरांनी सांगितलं, की रोज सकाळी अंगठ्यानं दात आत दाबले तर वर्षभरात सरळ होतात, त्यांच्या मेव्हण्याचे झाले. पार्वतम्मा म्हणाल्या, दात पुढं असलेली पोरगी भाग्याची असते, घरात पैसा येतो. मी म्हणालो, येऊ द्या, त्या पैशातून तारा लावतो. त्यांना ते लागलं. लागू द्या.

घरच्या मोजणीचा निकाल असा, की सुकन्याचे दात चार ते सातच्या दरम्यान कुठंतरी आहेत. असला निकाल मी ऑफिसात दिला असता तर दोन्ही पार्ट्यांनी मिळून मला मारलं असतं.

मग नांदेड. तिथं माझा मेव्हणा हरिओम मोबाईलची कव्हरं विकतो आणि सगळ्या नांदेडला ओळखतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या ओळखीच्या दातवाल्यानं सुकन्याला दाराशी बघितलं आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, चार दात काढावे लागतील, जागा करावी लागेल. मी म्हणालो, काढायचं नंतर, आधी मोजा. तो म्हणाला, मोजायचं काय त्यात, दिसतंय की. मी त्याला सांगितलं, की दिसतंय त्याच्यावर सातबारा होत नसतो. हरिओमनं माझा हात दाबला. शेवटी तो एवढ्याला तयार झाला, की दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करून देतो, तुम्ही घरी बसून काय मोजायचं ते मोजा.

साच्याचं माप घेताना सुकन्याच्या तोंडात गुलाबी लगदा भरला होता आणि ती डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडं बघत होती. मी अंगठा वर करून दाखवला. आज वाटतं, त्या अंगठ्याला तिनं चावायला पाहिजे होतं.

पण साचा काय सुंदर आला. वरचा जबडा, खालचा जबडा, पांढरेशुभ्र. हा लाळ गाळत नव्हता, गिळत नव्हता, मळमळत नव्हता. हरिओमच्या शेजारच्या लेथवाल्याकडून बारीक माप घ्यायचं व्हर्नियर घेतलं, वरचा जबडा खालच्यावर नीट बसवला आणि मोजलं. साडेसहा. पुन्हा मोजलं. साडेसहा. मी दुकानातच हरिओमला मिठी मारली. माझ्या पोरीचे दात साडेसहा मिलिमीटर पुढं आलेत म्हणून मी मेव्हण्याला भर बाजारात मिठी मारली, ही गोष्ट आमच्या सासरी अजून सांगतात.

साचा स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून मांडीवर घेतला आणि अहमदपूरची एसटी धरली. कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय हाय. मी म्हणालो, दात. त्यानं तिकीट फाडून दिलं आणि पुढं एक शब्द बोलला नाही. उलट लोह्यापर्यंत आमच्या बाजूला कुणाला बसू दिलं नाही. एवढी इज्जत मला तहसीलमध्येसुद्धा कधी मिळाली नव्हती. लोह्याच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं. म्हणजे नेहमी चाललेलं असतं तसं. गाडी एका खड्ड्यात उतरली, मी वर गेलो, डबा माझ्याही वर गेला. खाली आल्यावर उघडून बघतो तर वरचा पुढचा दात सुटून कापसात पडलेला.

सुकन्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "माझा नाही ना पडला? मग ठीक हाय."

घरी श्रीमंत सरांनी तो दात हातात घेतला आणि त्यांचे डोळे चमकले. सर दर गणपतीला शाडूच्या मूर्ती करतात. तुटलेला मोदक, तुटलेली सोंड, सगळं त्यांनी चिकटवलंय. म्हणाले, ठेवून जा, सकाळी घेऊन जा. सकाळी जाऊन बघतो तर सरांनी दात चिकटवला होता, आणि त्याच हातानं रंगही दिला होता. दात हस्तिदंती. हिरड्या गुलाबी. वरून वॉर्निश. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, दयानंदराव, फुकटात केलंय, पण मनापासून केलंय. मोजलं तर चिकटवलेला दात सरळ पुढं आलेला, साडेआठ भरत होता. मी मनाशी म्हणालो, भरू दे. हद्दीचा दगड सरकला तर कुणाच्या फायद्यात सरकला, हे बघायचं असतं.

हो, हे मी म्हणालो. जो माणूस शेतकऱ्यांना दगड सरकवला म्हणून नोटीस काढतो, तोच हा. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही म्हणाला असता, आणि वर मान्यही केलं नसतं.

मग मी कॉलेजला फोन लावला. चार माणसांनी एकमेकांकडं दिल्यावर एक बाई आल्या, डॉक्टर शिल्पा. मी त्यांना निमताना मोजणीचा अर्ज कुणाच्या नावे करायचा, ते विचारलं. त्यांना शब्द कळला नाही, पण माणूस कळला असावा. त्यांनी शांतपणे सांगितलं, की तिसऱ्या श्रेणीच्या सगळ्याच मुलांना आम्ही पुन्हा बोलावतोय, कारण तिसरीत नुसत्या पट्टीवर ठरत नाही. दहा फोटो असतात. एक नंबरच्या फोटोत सगळ्यात चांगले दात, दहा नंबरच्यात सगळ्यात वाईट. मूल स्वतः बोट ठेवून सांगतं, माझे दात यातल्या कुठल्यासारखे दिसतात. आठ किंवा त्याच्या पुढं बोट गेलं आणि पालकांचंही म्हणणं तेच असलं, तर त्याला तारा देतो.

मी फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा या डॉक्टर लोकांबद्दल आदर वाटला. अर्जदारालाच विचारायचं, की तुझी हद्द कुठंपर्यंत. असली मोजणी मी जन्मात बघितली नव्हती.

दहा फोटो इंटरनेटवर सापडले. ते मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकले. का टाकले, ते आता मंजुश्री रोज विचारते. माझा हिशोब साधा होता. मोजणीच्या आधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते, त्यांचं म्हणणं घ्यावं लागतं, म्हणजे मागाहून कुणी तक्रार करत नाही. सुकन्याच्या दातांचे लगतचे खातेदार कोण? आम्हीच सगळे. रोज बघणारे.

कॉलनीनं ते काम लईच मनावर घेतलं. सर म्हणाले, सात. पार्वतम्मा म्हणाल्या, पोरीचं भलं होत असेल तर दहा लावा, आम्हाला काय. दूधवाल्यानं जाता जाता आठ सांगितलं. संध्याकाळी ओट्यावर बायका फोन हातात घेऊन सुकन्याला जवळ बोलवायच्या, हसून दाखव म्हणायच्या आणि आपसात नंबर ठरवायच्या. दोन दिवसांनी सगळ्यांचं नऊवर एकमत झालं. इतकं एकमत आमच्या कॉलनीत बोअर कुठं मारायचा यावर झालेलं नाही. मी सुकन्याची रोज संध्याकाळी तयारी घ्यायचो. फोटो समोर धरायचा, बोट कुठं ठेवायचं? नऊवर. उशीर नको. विचार करतेय असं वाटलं पाहिजे, पण उशीर नको.

रस्त्यानं ती शाळेला निघाली की क्रिकेट खेळणारी कारटी "नऊ नंबर" म्हणून हाक मारायला लागली. मला ते ऐकू आलं. मी म्हणालो, बघ, लोकांनापण पटलं.

तिचं बोलणं त्या आठवड्यात कमीच झालं होतं. मला वाटलं, एकाग्रता वाढली.

लातूरला निघताना आमची वरात निघाली. मंजुश्री, सुकन्या, रंगवलेला साचा डब्यात घेतलेला मी, पंच म्हणून श्रीमंत सर, आणि सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचंच आहे म्हणून पार्वतम्मा. कॉलेजच्या व्हरांड्यात तिसऱ्या श्रेणीची लेकरं आणि त्यांचे आईबाप बसले होते. बाकीचे आईबाप गप्प होते. आम्ही जाऊन बसल्यावर व्हरांड्याला जत्रेचं रूप आलं. पार्वतम्मांनी पिशवीतून भाकरी, शेंगदाण्याची चटणी काढली आणि शेजारच्या रांगेलाही दिली. सरांनी लेकरांचे दात बघून परस्पर नंबर सांगायला सुरुवात केली. एका निलंग्याच्या बाईनं त्यांना विचारलं, डॉक्टर, माझ्या पोराचं किती. सरांनी चष्मा वर केला आणि सहा सांगितलं. बाईनं हात जोडले.

आमचा नंबर आला. डॉक्टर शिल्पा म्हणजे बारकी, चष्म्यातली पोरगीच होती, पण नजर खमकी. मी आधी साचा टेबलावर ठेवला, शासकीय नकाशा ठेवतात तसा, त्यांच्याकडं तोंड करून. त्यांनी तो उचलला, फिरवला, खिडकीकडं नेला.

"हा दात कुणी चिकटवला?"

मी म्हणालो, मुद्दा तो नाही.

"आणि हिरड्यांना रंग?"

दारातून श्रीमंत सरांनी नम्रपणे हात वर केला.

त्यांनी साचा हळूच माझ्याकडं सरकवला. म्हणाल्या, की प्लास्टरचे दोन जबडे हातानं कसेही बसवता येतात, पोरीचा चावा कुठं बसतो ते प्लास्टरला माहीत नसतं. म्हणजे ते साडेसहासुद्धा माझ्याच हाताचे होते. मग त्यांनी सुकन्याला खुर्चीत घेतलं, दात नेहमीसारखे मिटायला सांगितले आणि पट्टी लावली. सहा. पुन्हा सहा. माझ्या हयातीत इतकी स्वच्छ मोजणी मी बघितली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग म्हणाल्या, आता फोटो. आईवडिलांनी बाहेर थांबायचं.

हे मला तोंडपाठ आहे. मोजणी चालू असताना मीच सांगत असतो, अर्जदारानं बांधाच्या बाहेर थांबावं, मधे बोलू नये. आणि मलाच हेही पाठ आहे, की अर्जदार कधीच बाहेर थांबत नाही, तुरीच्या मागं उभा राहून ऐकतो. दाराला बोटभर फट होती. मी फटीला डोळा लावला. माझ्या खालून मंजुश्रीनं लावला.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता समोर धरला. म्हणाल्या, घाई नाही, नीट बघ, तुला काय वाटतं तेच सांग. सुकन्यानं एकदासुद्धा वरून खाली बघितलं नाही. सरळ शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. दहा.

"नक्की?" डॉक्टर म्हणाल्या. "यात दातावर दात चढलेत, बघ. तुझे असे आहेत?"

"असेच हायेत," सुकन्या म्हणाली. "याच्याहून खराब फोटो असला तर तो दाखवा. सगळे म्हणतेत."

मी जिंकलो होतो. नऊ सांगितलं होतं, पोरीनं दहा दिलं. तारा दिवाळीनंतर, फुकट. सही करायची आणि पेढे घ्यायचे. पण त्या फटीतून मला तिची मान दिसत होती. खाली गेलेली, जशी परिपाठ सोडला त्या दिवशी होती. आणि माझ्या कानात कॉलनीतली कारटी ओरडायला लागली. या पोरीच्या तोंडाची आपण गावभर नोटीस काढली, पंचनामा केला, मोबाईलवर मतदान घेतलं, आणि आता हिला खरंच वाटायला लागलंय, की आपल्याहून वाईट फोटो छापलेला नाही.

पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण दार मी ढकललं असणार, कारण मंजुश्री माझ्या पायाखाली होती.

मी म्हणालो, "मॅडम, हे चूक आहे. दहा कुठून आले? या फोटोतला सुळा बघा, शेजारच्याच्या हद्दीत हातभर घुसलाय. माझ्या पोरीचा एक दात दुसऱ्याच्या हद्दीत नाही. अतिक्रमण नाहीच. थोडे पुढं आहेत, एवढंच. रस्त्याच्या कडेचं घर पुढं असतं, म्हणून काय ते पडकं होतं का? चार. लई झालं तर चार. मी रोज मोजणी करतो, मला कळतं. लिहा तुम्ही, पालकांचं म्हणणं चार."

बाहेर पार्वतम्मा म्हणाल्या, अय्यो, ह्याला काय झालं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मी हे पालक म्हणून सांगतोय का. मी म्हणालो, छाती ठोकून. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं बघितलं. म्हणाल्या, त्यांच्याही मते चारच आहे. पण मग तिसरी श्रेणी कायम राहील, फुकट योजनेत बसणार नाही. मी म्हणालो, राहू द्या. असा आवाज माझ्या तोंडून ऑफिसात कधी निघाला असता तर मी आज उपअधीक्षक असतो. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी सुकन्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो.

तिनं डोकं बाजूला घेतलं आणि माझ्या आधी खोलीच्या बाहेर पडली. व्हरांड्यात, सगळ्या तिसऱ्या श्रेणीच्या देखत, ती वळली.

"कोण बोलवलं होतं तुम्हाला आत?"

"बाळा, तू दहा म्हणलीस, मला वाटलं तुला खरंच..."

"मी चार हाय, ते मला ठाऊक न्हाई का? घरात आरसा न्हाई का आपल्या? मी मुद्दाम दहा म्हणलं. तुम्ही नऊ सांगितलं, ती मॅडम दोन कमी करून धरील म्हणून मी दहा म्हणलं. मान खाली घातली. आवाज बारीक केला. सगळं जमलं होतं. आणि तुम्ही येऊन अतिक्रमण न्हाई, अतिक्रमण न्हाई."

श्रीमंत सर हळूच म्हणाले, पोरगी हुशार हाय. मंजुश्री भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसत होती. पार्वतम्मांनी मला भाकरीचा तुकडा दिला, माणूस चक्कर येऊन पडू नये म्हणून देतात तसा.

मी विचारलं, मग कारटी नऊ नंबर म्हणायची, त्याचं तुला काही वाटलं नाही का. ती म्हणाली, वाटलं. वाटणार न्हाई का? पण तारा मिळणार होत्या ना. तेवढ्यासाठी ऐकून घेतलं. ते ऐकून घेतलेलं पण वाया घालवलं तुम्ही.

भर शिवारात दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन मी कधी खाली बसलेलो नाही, पण त्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर मी बसलो. पोरगी माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. वर पंखा फिरत होता, आत पुढच्या लेकराला फोटो दाखवत होते, आणि निलंग्याची ती बाई आशेनं सरांकडं बघत होती.

मग मी उठलो. पैसे भरून इथंच तारा लावायच्या तर काय करावं लागतं, हप्ते करून देतात का, या महिन्यात सुरू होतं का, एवढं तरी विचारून यावं म्हणून पैसे भरायच्या खिडकीकडं निघालो. दहावीनंतर बघू हे माझे शब्द मला आता तोंडातून काढता येणार नव्हते, आणि काढले असते तर या व्हरांड्यातून मी जिवंत गेलो नसतो. चार पावलं गेलो असेन, मागून तिची चप्पल वाजली.

"थांबा," ती म्हणाली. "मी येते संगं. तुम्ही एकटे गेलात की काहीतरी बोलून बसता."

ती पुढं झाली. मी मागं.